कपबशीखालची जमीन

तागडीमामांनी कपबशीखाली जीव द्यायचा प्रयत्न केला, ही बातमी गल्लीत दुपारच्या जेवणाआधी पोचली आणि जेवणं आटपेपर्यंत तिनं चांगलं बाळसं धरलं. किराणावाल्याच्या म्हणण्यानुसार मामा पार्कातल्या त्या फिरत्या कपबशीखाली आडवे झाले होते आणि ‘आधी माझ्यावरून फिरवा, मग बंद करा’ असं ओरडत होते. समोरच्या इमारतीतल्या नर्सबाईंनी त्यात थोडी वैद्यकीय भर घातली. नळदुरुस्तीवाल्यानं तर मामांचा शेवटचा निरोपसुद्धा स्वतःच्या कानांनी ऐकला होता. तो कोणालाही सांगायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं, म्हणजे तासाभरात तो सगळ्यांना पाठ झाला.

चेहऱ्यावर बेताचं दुःख आणून दोघीतिघी मामींच्या शिलाईच्या दुकानापर्यंत जाऊनही आल्या. मामींनी मशीनवरून मान वर न करता विचारलं, “कपडे टाकायला आलात की न्यायला?” सांत्वन दारातच विरघळलं.

खरी गोष्ट इतकी नाट्यमय नव्हती. लाजिरवाणी मात्र जास्त होती. मामा आडवे झाले होते हे खरं, पण पालथे. एक गाल जमिनीला टेकलेला, एक डोळा मिटलेला आणि नाकासमोर एक गोटी. जमिनीला उतार आहे की नाही, ते बघत होते. बघून झालं, उठायला गेले, आणि कंबर म्हणाली, आता कशाला उठताय. नटबोल्ट तपासायला आलेल्या कामगारांनी मग त्यांना ओढून बाहेर काढलं. पडलो तरी नाक वर म्हणतात ते काय असतं, ते त्या कामगारांनी त्या दिवशी पाहिलं. कारण उचललं जात असतानाही मामा सूचना देत होते, “तू अंगानं भरलेला आहेस, तू खांद्याकडे ये. बारक्या, तू पाय धर. असा तोल जातोय माझा!”

आता धडधाकट माणूस जमिनीला गाल लावून गोटीकडे का बघत बसतो, हे समजायला आधी मामा समजायला हवेत. आणि मामा समजायला कपबशी.

कपबशी म्हणजे पार्कातला सगळ्यात जुना पाळणा. एक भलीमोठी गोल पत्र्याची बशी, तिच्यावर माणसं बसतील एवढाले कप. बशी फिरते, बशीवरचे कप स्वतःभोवती फिरतात आणि कपातली माणसं पैसे देऊन आपलं डोकं फिरवून घेतात. मामा तरुणपणी तिथे लागले ते तिथेच पिकले. कपबशीच्या बाजूला त्यांची लाकडी केबिन. टेलिफोनच्या बूथपेक्षा थोडी रुंद, मामांपेक्षा थोडी अरुंद. आत एक खुर्ची, खिडकीखाली फळी, फळीवर एक हिरवं बटण, एक लाल बटण आणि मामांचा चहाचा ग्लास. एवढ्याशा राज्यावर मामांनी जे राज्य केलं, ते मोठमोठ्यांना जमलेलं नाही.

सुरुवातीच्या दिवसांत त्यांना कोणीतरी सांगितलं की पार्क उभं राहायच्या आधी इथे तळं होतं, ते राडारोडा टाकून बुजवलं. सांगणारा सांगून गेला. मामांच्या डोक्यात मात्र ते तळं पुन्हा भरलं. दुसऱ्याच दिवशी केबिनमध्ये बसून त्यांनी खिडकीतून बशीकडे नीट पाहिलं, आणि खिडकीच्या चौकटीच्या हिशोबानं बशी डावीकडे, म्हणजे जुन्या तळ्याच्या बाजूला, कललेली दिसली. किंचित. पण मामांना किंचित पुरतं.

झालं. माणूस एकटा असला की त्याचा शोध लवकर पक्का होतो. जमीन तळ्याकडे खचतेय, तेव्हा भार फाटकाकडे हवा, असा नियम निघाला. त्या दिवसापासून कपबशीवर कोणी आपल्या मनानं बसलं नाही. मामा केबिनच्या दारात उभे राहायचे, रांगेतल्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघायचे आणि निकाल द्यायचे. “तुम्ही तळ्याकडे. तुम्ही तळ्याकडे. तुम्ही... फाटकाकडे.” त्या मधल्या थांबण्यात कित्येकांचा जेवणातला रस गेला. नवरा तळ्याकडे आणि बायको फाटकाकडे, किंवा उलट, अशी किती घरं मामांनी त्या बशीवर फोडली त्याला गणती नाही. कोणी कुरकुर केली की म्हणायचे, “जीव प्यारा आहे ना?” जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. लोक गुमान जाऊन बसायचे.

इथे एखाद्या शहाण्याच्या मनात येईल की, बशी तर गोल फिरते. फाटकाकडचा जाडा माणूस अर्ध्या फेरीत तळ्याकडे येणारच. हा प्रश्न इतक्या वर्षांत एकाच व्यक्तीनं विचारला, तिच्याकडे येऊच. मामांचं उत्तर तयार होतं. “चालती वस्तू कलत नाही. सायकल बघा. थांबली की कलते. म्हणून थांबलेल्या बशीचं बघायचं असतं.” सायकल मध्ये आली की वाद संपतो. सायकल सगळ्यांनीच पाहिलेली असते.

हा नियम मग पार्काच्या फाटकातून बाहेर पडून गल्लीत शिरला. लिफ्टमध्ये मामा असले की चढणाऱ्यांची मांडणी मामा करायचे. कोणाच्या घरी सोफ्यावर चार माणसं बसली असली तर पाचवा आपण बसायच्या आधी ते दोघांच्या जागा बदलायचे. गल्लीतले एक आजोबा गेले तेव्हा खांदा द्यायला पुढे आलेल्या माणसांनाही मामांनी उंची आणि वजन बघून मागेपुढे केलं. आजोबांचा मुलगा रडता रडता हसला, ते त्याला अजून जड जातं. तागडीमामा हे नाव गल्लीनं दिलं ते उगाच नाही. ‘फाटकाकडचा’ हा शब्दसुद्धा गल्लीनं त्यांच्याकडूनच घेतला. “हल्ली जरा फाटकाकडे सरकलीयस हं,” असं इथे बायका एकमेकींना म्हणतात, आणि ज्या म्हणतात त्यांनी स्वतः आधी आरशात बघितलेलं नसतं.

मामा स्वतः? मामा फाटकाकडचेच. फाटकापलीकडचे म्हटलं तरी चालेल. पण तागडी काही स्वतःला तोलत नाही.

आणि मामी नेमक्या शिलाईच्या धंद्यात. देव जोडी जुळवताना कधी कधी गंमत म्हणून जुळवतो, तशी. मामा लोकांची वजनं ओळखणार, मामी लोकांची मापं घेणार. फरक इतकाच की मामींना धंदा करायचा होता. कंबर चार बोटं वाढलेलं गिऱ्हाईक आलं की मामी टेप गळ्यात टाकत म्हणायच्या, “तुमची नाही हो वाढली. कापडच आटलंय मेलं. हल्लीचं कापड!” गिऱ्हाईक खूश होऊन बाहेर पडायचं. तेच गिऱ्हाईक रविवारी पार्कात जायचं, आणि मामा त्याला पाहून म्हणायचे, “फाटकाकडे.” घरातल्या एका कमाईनं दुसऱ्या कमाईचं असं वाटोळं चाललं होतं.

पण खरं वाटोळं फार पूर्वी, लग्न नवं असताना झालं होतं. नवऱ्याचं काम बघायला म्हणून मामी माहेरच्या माणसांसह पार्कात गेल्या. दोघी बहिणी, आई आणि नव्या नवरीचा नवा कोरा पोशाख, तिनं स्वतः शिवलेला. चौघी हसत खिदळत गुलाबी कपात जाऊन बसल्या. केबिनच्या दारातून मामांनी पाहिलं. आणि भर रविवारी, रांगेतल्या यच्चयावत माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलले, “तू उतर गं. तू फाटकाकडे जा. त्या तिघी बसू देत, त्या हलक्या आहेत.”

थोरल्या बहिणीला हसू आवरेना. बाकीच्यांनी आवरलं, म्हणजे जास्तच वाईट. मामी उतरल्या. उतरता उतरता त्यांनीच तो प्रश्न विचारला, “बशी फिरते ना? मग मी कुठेही बसले तरी काय?” मामांनी सायकलीचं उत्तर दिलं. मामींनी सायकल ऐकून घेतली, फाटकाकडच्या कपाकडे पाहिलं, तिथे तेव्हा सामान हलवणारे दोन हमाल आणि त्यांचा मुकादम बसले होते, आणि त्या सरळ फाटकातून बाहेर गेल्या. घरी फक्त एकच वाक्य बोलल्या. “मला हवं तिथे मला बसू द्याल, त्या दिवशी येईन.”

त्यानंतर पार्कात त्यांनी पाऊल ठेवलं नाही. मुलं झाली, ती मावशीबरोबर कपबशीवर बसली. ती मोठी होऊन पांगली. मामांचा डबा मामी रोज करायच्या, रोज हातात द्यायच्या, पण डबा विसरला तर फाटकावर नेऊन द्यायच्या नाहीत. मामा दरवर्षी एकदा सहज विचारल्यासारखं विचारायचे, “येतेस का रविवारी?” मामी सहज विचारल्यासारखं विचारायच्या, “कुठे बसवाल?” आणि मामांना काही केल्या खोटं बोलता यायचं नाही. जमीन खचलेली होती, त्याला ते तरी काय करणार?

असं सगळं गोडीगुलाबीत चाललं असताना पार्कात नवा मॅनेजर आला. अत्तराचा वास आधी येतो आणि माणूस मागून, त्यातला. त्यानं पहिल्या आठवड्यात सगळे जुने पाळणे फिरून पाहिले आणि सगळ्यांना बोलावून सांगितलं की हल्ली लोकांना पाळणे नको असतात, अनुभव हवा असतो. अनुभव म्हणजे काय, तर एक मोठा बंदिस्त हॉल. आत खुर्च्या. खुर्चीत बसायचं, डोळ्यांवर चष्मा चढवायचा आणि चष्म्यात आपण फिरतोय असं दिसणार. खुर्ची जागची हलणार नाही. ज्यांनी जन्मभर लोकांना खरोखरीचं फिरवलं, त्यांना घरी पाठवून न फिरवणाऱ्याला आणायचं, याला विकास म्हणतात. कानामागून आली आणि तिखट झाली, ती मिरची निदान तिखट तरी असते.

हा हॉल उभा राहायचा होता नेमका कपबशीच्या जागेवर. मामांना आनंदच झाला. चेहऱ्यावर दुःख ठेवून त्यांनी मॅनेजरला बाजूला घेतलं. “साहेब, पाळणा जातोय त्याचं काही नाही. पण इथे इमारत उभी राहणार नाही. खाली तळं आहे.”

“तळं?”

“बुजवलेलं. एक बाजू खचतेय. इतकी वर्षं मी धरून ठेवलीय.”

मॅनेजरनं मामांकडे पाहिलं. मामांचा एकूण आकार बघता त्यांनी जमीन धरून ठेवली असेल हे त्याला पटण्यासारखं होतं. त्यानं मोजणीवाला बोलावला.

मोजणीवाला आला, तिकाटणं लावलं, दुर्बिणीतून बघितलं, मग बशीखालच्या सिमेंटच्या चबुतऱ्यावर ठिकठिकाणी पाणसळ ठेवून पाहिली. पाणसळ म्हणजे गवंड्याची ती काचेची नळी, जिच्यातला बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट. बुडबुडा मधोमध आला. तळ्याकडेही, फाटकाकडेही. मामा मागे मागे फिरत होते, प्रत्येक ठिकाणी वाकून बुडबुड्याला जणू हळूच ‘सरक’ म्हणत होते. बुडबुडा मॅनेजरचा माणूस निघाला.

“सपाट आहे, मामा,” मोजणीवाला म्हणाला.

“तळं होतं इथे.”

“तळं तिकडे होतं, आता जिथे गाड्या लावतात तिथे. हा पहिल्यापासून खडक आहे.”

“मग ही कललेली दिसते ती?”

“कुठून दिसते?”

मामांनी त्याला मोठ्या अभिमानानं केबिनमध्ये नेलं, आपल्या खुर्चीत बसवलं आणि खिडकीतून दाखवलं. मोजणीवाल्यानं पाहिलं. एकदा बशीकडे, एकदा खिडकीच्या चौकटीकडे. मग पाणसळ फळीवर ठेवली. बुडबुडा पळत जाऊन एका टोकाला बसला.

पुढचं सांगायची खरंतर गरज नाही, पण सांगितल्याशिवाय गल्लीला झोप येत नाही. केबिन चार विटांवर उभी होती. खुर्ची एका बाजूला, फाटकाच्या बाजूला, ठेवलेली होती. खुर्चीवर मामा. पहिल्या दिवसापासून मामा. त्या बाजूच्या विटा सुरुवातीलाच खडकावरच्या मातीत उतरल्या, केबिन कलली, खिडकी कलली, आणि कललेल्या खिडकीतून सपाट बशी उलट्या बाजूला कललेली दिसायला लागली. फळीवर ठेवलेलं पेनसुद्धा रोज फाटकाकडेच घरंगळायचं. मामा म्हणायचे, पंख्याचा वारा लागतो. साप साप म्हणून लोक भुई धोपटतात. मामांनी भुईचाच साप केला आणि त्याच्यापायी अख्खं गाव धोपटलं.

बाकीच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. मामांची न सरकल्यामुळे पंचाईत झाली.

“आजवर एकदा तरी बशी उलटली का?” मामांनी मोजणीवाल्याला शेवटचं विचारलं.

“नाही.”

“मग!” असं म्हणून मामा केबिनच्या बाहेर आले. पण त्या ‘मग’मध्ये जीव नव्हता.

त्या संध्याकाळी घरी मामी एका पँटची कंबर सोडत बसल्या होत्या. मामा बराच वेळ मशीनभोवती घुटमळले.

“येत्या रविवारी शेवटचा दिवस आहे. सगळ्यांना फुकट सोडणार आहेत.”

“बरं.”

“अख्खी गल्ली येणार आहे.”

“गल्लीला उद्योग नाही. मला आहे.”

“तू आली असतीस तर...”

मशीन थांबलं. “कुठे बसवाल?”

मामांनी टेबलावरची कात्री उचलून पुन्हा ठेवली. मग म्हणाले, “मोजणीवाला आला होता. त्याची ती पाणसळ जरा जुनाट वाटत होती.”

“काय म्हणाली पाणसळ?”

“जुनाट होती म्हणतोय ना.”

“माझंही उत्तर जुनाटच आहे,” मामी म्हणाल्या आणि मशीन चालू केलं.

रात्रभर मामांना काय वाटलं असेल, ते मामांनी कोणाला सांगितलेलं नाही. पण तर्क करायला पैसे पडत नाहीत. जमीन खरंच खचलेली असती, तर बायकोचा तो अपमान निदान कारणी तरी लागला असता. लोकांचे जीव वाचवायला नवऱ्यानं बायकोला चार माणसांत उतरवलं, हे म्हणायला बरं वाटतं. खुर्चीखालच्या विटा खचल्या म्हणून उतरवलं, हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? मामांना उतार हवा होता. गहू भरडला तरी दोन दाणे आख्खे राहतात, तसा एवढासा, केसाएवढा उतार कुठेतरी राहिला असेल, अशी त्यांना आशा होती. म्हणून दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या पोराची गोटी खिशात घालून गेले, कपबशीखाली पालथे झाले आणि गोटी जमिनीवर ठेवून एका डोळ्यानं बघत राहिले.

गोटी बसली ती बसली. कामगार सांगतात, मामांनी तिला तळ्याच्या बाजूला हळूच फुंकर घालूनही पाहिली. थोडी गेली आणि थांबली. मग मामांनी डोकं जमिनीवर टेकवलं आणि बराच वेळ तसेच राहिले. कंबर धरली ती त्यानंतर. बाकी तुम्हाला ठाऊकच आहे.

शेवटचा रविवार उजाडला. फुकट ते पौष्टिक या न्यायानं गल्ली सकाळपासूनच रांगेत. ज्यांना गेली दहा वर्षं चक्कर येते म्हणून जिना चढता येत नव्हता, तेही निरोप द्यायला म्हणून हजर. किराणावाला बायकोसह आला होता. नर्सबाई, मामा अजून जिवंत आहेत हे जरासं मनाला लावून घेऊनच आल्या होत्या. कमरेला पट्टा बांधलेले मामा केबिनच्या दारात उभे, आणि निकाल नेहमीसारखे चालू.

“तुम्ही तळ्याकडे. वहिनी, तुम्हीही तळ्याकडे.” मग किराणावाल्याकडे बघून तो जुना थांबा. “तू फाटकाकडे.”

“आज तरी बायकोबरोबर बसू द्या की हो मामा. शेवटचा दिवस आहे.”

“शेवटच्या दिवशीच घात होतो,” मामा म्हणाले. पाणसळीचा निकाल त्यांनी अजून कोणाला सांगितला नव्हता. किराणावाला निमूट एकटा जाऊन बसला. त्याच्या कपाच्या स्प्रिंगांनी त्याला ओळखलं.

आणि चारच्या सुमाराला रांगेत कुजबुज झाली. मामी आल्या होत्या. गोटीची खरी हकीकत कामगारांकडून दुकानापर्यंतही पोचली असावी. गळ्यात टेप तसाच, दुकानातून उठून आल्यासारख्या. पुढे घुसल्या नाहीत. रांगेत उभ्या राहिल्या, एकेक पाऊल पुढे सरकल्या. लोकांनी पुढे जायला वाट करून दिली तर म्हणाल्या, “नको, नंबरानंच येते.” मामांनी त्या मधल्या दोन फेऱ्या कशा सोडल्या हे त्यांचं त्यांना माहीत. एकदा त्यांनी एका काडीपैलवानाला फाटकाकडे पाठवलं, त्याला धन्य वाटलं.

मग रांगेत पुढे मामीच. मामा दारातून खाली उतरले. आजवर कोणासाठी उतरले नव्हते.

“कुठे बसू?” मामींनी विचारलं.

रांग इतकी गप्प झाली की मॅनेजरच्या अत्तराचा वाससुद्धा मोठा वाटायला लागला.

“तुला हवं तिथे,” मामा म्हणाले.

“आणि जमीन?”

“जमीन सपाट आहे.”

“कधीपासून?”

मामांनी पट्टा सारखा केला. “पहिल्यापासून.”

“म्हणजे त्या दिवशी...”

“माझं चुकलं.” हे इतकं हळू म्हणाले की ओठांनाही नीट कळलं नसेल.

“त्या दिवशी मोठ्यानं बोलला होतात,” मामी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. होता तसाच ठेवला.

मामांनी एकदा रांगेकडे पाहिलं. सगळी गल्ली. नर्सबाई, नळदुरुस्तीवाला, मामींच्या थोरल्या बहिणीची सून, सगळे कान टवकारून. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला, पट्टा करकरला, आणि ते ज्या आवाजात इतकी वर्षं ‘फाटकाकडे’ म्हणत आले त्याच आवाजात बोलले, “लग्न झाल्यावर हिला मी इथे चारचौघांत उतरवलं. जमीन सपाट होती. माझं चुकलं!”

पलीकडच्या आईस्क्रीमवाल्यानंसुद्धा मान वळवली. मामींच्या डोळ्यांत काय आलं ते बघायला गल्ली पुढे सरकली, पण मामींनी तेवढ्यात टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळायला घेतला होता, त्यामुळे कोणाला काही दिसलं नाही. फार नुकसान झालं.

“मग मला तिथे बसायचंय,” त्या म्हणाल्या आणि बोट केलं ते कपाकडे नाही, केबिनकडे.

मॅनेजर लगबगीनं पुढे आला. “बाई, केबिनमध्ये बाहेरच्या माणसाला बसता येत नाही. नियम आहे.”

मामींनी त्याला वरून खाली बघितलं. नवऱ्यासारखं नाही, धंद्याच्या नजरेनं. “साहेब, कंबर घट्ट होतेय तुमची. श्वास रोखून चालताय. दुकानात या, शिवण सोडून देते. कापड आटलंय, दुसरं काही नाही.”

मॅनेजरनं पोट आत घेतलं आणि नियमही.

मामी केबिनमध्ये चढल्या, खुर्चीत बसल्या आणि खिडकीतून पाहिलं. मग एकदम म्हणाल्या, “अहो! कललेली दिसतेय की खरंच!”

“बघ!” मामा लहान पोरासारखे खिडकीपाशी धावले, पट्ट्यासकट. “मी काय म्हणत होतो!”

“तुम्ही म्हणत होतात जमीन कललीय. कललीय ही खुर्ची.” मग थोडं थांबून, खिडकीतून पुन्हा बघत, “पण दिसते खरी. इथून कोणालाही वाटलं असतं.”

 मामांनी दोनदा नाक शिंकरलं, धूळ फार होती म्हणून.

“आता तुम्ही बसा कपात,” आतून हुकूम आला.

मामा सवयीनं निघाले फाटकाकडे. “तिकडे नाही. तळ्याकडे. त्या गुलाबी कपात बसा, त्या तिघी बसल्या होत्या तिथे.” मामा गुलाबी कपात बसले. बसले म्हणजे कपात मामा भरले. मामींनी हिरवं बटण दाबलं आणि बशी फिरली. वर्षानुवर्षं जगाला गरगरवणारा माणूस स्वतः मात्र पहिल्यांदाच फिरत होता, आणि दुसऱ्या वळणाला त्याचा चेहरा कपाहून फिका पडला. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. गल्लीला फुकट फेरीपेक्षा हे जास्त आवडलं.

लाल बटण दाबायला मामींनी मुद्दाम उशीर केला की त्यांना ते सापडलं नाही, यावर अजून दोन मतं आहेत.

झुलत झुलत बाहेर आलेल्या मामांनी खांब धरला आणि विचारलं, “आता तू बस. कुठल्याही कपात. मी चालवतो.”

“छे! मला नाही सोसत फिरणारं काही. पोटात कालवतं.”

“म्हणजे? तेव्हासुद्धा?”

“तेव्हासुद्धा. बहिणींनी ओढलं म्हणून बसले होते,” मामी म्हणाल्या. “चला, तीन पँटी द्यायच्यात उद्या.” आणि आल्या तशा, फाटकातून बाहेर. मामा खांब धरून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिले. ते चक्कर यायची थांबली नव्हती म्हणूनही असेल.

नंतर कपबशी सुटी सुटी करून ट्रकमध्ये गेली. कप गेले, बशी गेली, केबिन दोघांनी उचलून बाजूला ठेवली. विटांचे खड्डे उरले, फाटकाकडचे दोन चांगले खोल. मधला चबुतरा उघडा पडला, आणि गल्लीतली रिकामी मंडळी तो बघायला गेली. उघडी जमीन बघायला जाणारी माणसं आमच्याइतकी दुसरीकडे नसतील. मॅनेजरनं मामांना काढलं नाही, गाड्या लावतात त्या आवारात नेमलं, म्हणजे खऱ्या तळ्यावर. तिथे आता मोठी गाडी आली की मामा तिला थोडा वेळ न्याहाळतात, मग कुठल्या कोपऱ्यात लावायची ते सांगतात. आणि तिथली जमीन एका बाजूला खरोखरच थोडी बसलेली आहे, असं कळतं. पण आता मामांवर कोण विश्वास ठेवतोय!

किराणावाल्याच्या मनातून मात्र ते जायला तयार नव्हतं. एक दिवस त्यानं आवारातच सगळ्यांदेखत मामांना गाठलं.

“मामा, मामींची माफी मागितलीत, चांगलं केलंत. पण आमचं काय? इतकी वर्षं बायको तळ्याकडे आणि मी एकटा फाटकाकडे. सपाट जमिनीवर! माझीही माफी मागायला नको?”

मामांनी त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघून घेतलं.

“आमच्या हिचं वजन मी चुकीचं धरलं होतं,” ते म्हणाले. “तुझं बरोबर धरलं होतं.”